चार नंबरचा सिलिंडर

कोइमतूर
रविवार, ८ जून २०२५

बोल्ट मी पाडला नव्हता, मामा. तेव्हाही सांगितलं होतं, आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, तरी तुम्ही मामींच्या देखत माझ्या कानाखाली दिली. दिली ती दिली. त्याआधी काय कमी खाल्ल्या होत्या? पाना जागेवर ठेवला नाही की एक, ऑइल सांडलं की एक. सात वर्षं तुमच्या हाताखाली काढली, माराचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही म्हणाले, "तुला देवानं हात दिले नाहीत, फावडी दिलीत." ते मला इथं तेराशे किलोमीटरवर अजून ऐकू येतं. पाना उचलला की ऐकू येतं.

मला हाकलून दोन वर्षं होत आली. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केला. निकिताला लावला तर तिनं दोनदा उचलला आणि "बाबा घरात आहेत" म्हणून ठेवला. आईला निरोप घेऊन धाडलं, तर ती घोटीहून तुमच्याकडं आली, चहा पिऊन, तांदळाची पिशवी ठेवून परत गेली. माझं नाव काढायची तिची हिंमत झाली नाही. म्हणून कागद. आठवीत शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलं नाही, अक्षराला हसू नका. तुम्ही चष्मा लावायचा कंटाळा करता, म्हणजे हे निकिताच वाचून दाखवणार. तर निकिता, सावकाश वाच, गाळू नको.

लिहायला का बसलो ते सांगतो. काल गाडी आली.

कुठली ते सांगायला नको. लासलगावच्या कांदावाल्या धवलशेठची काळी विलायती. ट्रॉलीवरून उतरवली तेव्हा मी जेवत होतो, हातातला भात तसाच राहिला. एमएच पंधरा. नंबर बघायच्या आधीच मागच्या दाराचा पोचा बघितला, आपल्या गेटला घासली होती तो. शेठनं ती बंद पडलेलीच विकली, मग ती पुण्याच्या दलालाकडं, तिथून इथल्या एका गिरणीवाल्याकडं. आमचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते सुपरचार्जरच्या गाड्यांशिवाय दुसरं काही घेतच नाहीत. असं काम करणारे आहेत किती? फिरत फिरत इथंच यायची होती ती. मीही उगाच नाही आलो एवढ्या लांब. जिच्यामुळं हाकलला गेलो ती चीज शिकून घेईन, म्हणून आलो.

निकितासाठी लिहितो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला भला मोठा भाता. इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो आणि हवा आत कोंबतो, म्हणून गाडी अशी पळते. त्याच्या नाकात एक छोटा कपलर असतो, तो झिजला की खडखड वाजतो. शेठच्या गाडीचा तोच वाजत होता. बाबांनी भाता उतरवला, कपलर बदलला, परत बसवला. चालू केली, दहा सेकंद बरी चालली आणि मग आत कुणी हातोडा मारतंय असा आवाज. बाबांनी लगेच चावी फिरवून बंद केली. बोल्ट मोजले, एक कमी. झालं. कुंदननं पाडला, इंजिनात गेला.

आणि त्यानंतर शेठनं गाडी टोचन करून नेली, गावभर तुमचं नाव झालं, की रावजी डुप्लिकेट पार्ट लावतो आणि ओरिजिनलचे पैसे घेतो. पाथर्डी फाट्यावरचं गॅरेज बंद झालं. तुम्ही बावन्नाव्या वर्षी अंबडला कुणाच्या तरी शेडमध्ये फोर्कलिफ्टचं ऑइल बदलताय, हे आईनं सांगितलं. मला आनंद झाला असं समजू नका. पण ते माझ्यामुळं झालं असंही मी मानत नाही.

आता इंजिन मीच उघडणार आहे. अण्णांकडून मागून घेतलं. आत जे सापडेल त्याचा फोटो काढून निकिताला पाठवीन. मला तुमच्याकडून एकच पाहिजे. एकदा म्हणा, की कुंदननं पाडला नव्हता. परत कामावर घ्या असंही म्हणत नाही.

कुंदन


कोइमतूर
रविवार, १५ जून २०२५

मामा, बोल्ट सापडला.

इंजिनात नाही. खाली. गाडी लिफ्टवर घेतली, पोटाखालचं प्लास्टिकचं ताट खोललं, तर चिखल, कांद्याची वाळलेली सालपटं आणि त्यात तो. भात्याचाच लांब बोल्ट, आपल्या पिवळ्या मार्करची खूण अजून त्याच्यावर. म्हणजे पडला, हातून सुटला, हे मी आता कबूल करतो. पण पडला तो ताटात पडला. इंजिनाच्या बाहेर. दोन वर्षं तो तिथं लोळत होता आणि दोन वर्षं मी चोरासारखा राहिलो. फोटो निकिताला पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं.

तुम्हाला शोभतं का हे, मी विचारतो. माफी मागू नका, मामा भाच्याची माफी मागत नसतो, पण एक फोन?

सगळ्या पोरांना बोल्ट दाखवत फिरलो. इथली पोरं मला "नाशिक" म्हणूनच हाक मारतात. त्यातलं एक म्हणालं, "ए नाशिक, बोल्ट बाहेर सापडला, मग आत कोण हातोडा मारत होतं?" मी म्हणालो, कपलर. मामांनी लावलेला कपलर फुटला आणि त्याचे तुकडे आत गेले. हे मी दोन वर्षं धरून बसलोय, तुम्हाला माहीत नसेल.

अण्णा तिथंच होते. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून एक जुना भाता काढून टेबलावर ठेवला आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, दाखव बरं रस्ता. कपलर इथं नाकात. नाकाची डबी बंद, तिच्यात तिचं वेगळं ऑइल, पुढंमागं सील. कपलरचा भुगा झाला तरी तो डबीतच राहणार. मी बोट फिरवत बसलो. रस्ता नाहीच, मामा. दीड वर्ष मी असे भाते उघडतोय, माझ्या हातानं सील बदलतोय, आणि हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

बरं, नसेल कपलर. मग काय?

अण्णा अशा गाडीला स्टार्टर मारू देत नाहीत, आत काही असलं तर अजून मोडतं. पुलीला पाना लावून हातानं फिरवलं. एका जागी अडलं, घास अडकावा तसं. मग सहा प्लग काढले. पाच बरे. चार नंबरच्या प्लगचं टोक चेपून सपाट. मग एकेका सिलिंडरमध्ये हवा भरून बघितली. पाच धरून राहिले. चार नंबरमध्ये काही राहीना. कान लावला तर हवा भात्याच्या बाजूनं सूं करत परत येत होती. म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वाकलाय, बसत नाही. एवढं तुम्हाला कळलंच असेल, निकिताला सांगा.

शेवटी प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला. बारीक असतो, सापासारखा. पिस्टनच्या डोक्यावर घाव. एक नाही, पन्नास तरी. अर्धगोल अर्धगोल, नख उमटावं तसे. आणि कडेला काहीतरी चमकतंय.

नट असेल म्हणतात पोरं. वॉशर असेल. नट असला तर तो माझा नाही, सांगून ठेवतो. मी त्या दिवशी नट उघडा ठेवलाच नव्हता. परवा हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवू.

कुंदन


कोइमतूर
मंगळवार, १७ जून

मामा,
आज हेड उतरवलं.
मला आज लिहिता येणार नाही.


कोइमतूर
रविवार, २२ जून २०२५

निकिता, हा कागद तू वाचू नको. बाबांच्या हातात दे, चष्मा आणून दे आणि बाहेर जा. तुझं नाव आहे ह्यात, पण तुझा काही दोष नाही.

मामा, नट नव्हता. वॉशर नव्हता. रुपया होता.

एक रुपयाचं नाणं. वाकलेलं, कडा चेचलेल्या, एका बाजूला काही राहिलेलं नाही, दुसऱ्या बाजूला एक आकडा अर्धा दिसतो. पिस्टनच्या कडेला रुतून बसला होता. चिमट्यानं काढला आणि तळहातावर घेतला. पोरं गोळा झाली. अण्णांनी बघितलं आणि विचारलं, इंजिनात पैसे कोण टाकतं? पोरं हसली. गिरणीवाल्याचा माणूस म्हणाला, कुणीतरी दुश्मनीनं केलंय. आणि मी तिथंच खाली फरशीवर बसलो. एकानं पाणी आणलं, तो म्हणाला, उष्मा झाला ह्याला.

दुश्मनीनं नाही केलं कुणी. मी केलं.

दसरा आठवा. मंगळवार होता. भाता रविवारीच उतरवलेला, खाली सहा तोंडं उघडी, प्रत्येकात तुम्ही स्वतः फडक्याचा बोळा कोंबला. सहा बोळे, मोजून. सकाळी मामी ताट घेऊन आल्या. तुम्ही म्हणाले, हत्यारांची पूजा करा, कॉम्प्रेसरची करा, लेथची करा, पण उघड्या इंजिनाला हळदकुंकूसुद्धा लावायचं नाही. बंद झालं की नारळ फोडू. हे तुम्ही दोनदा बोलले. मग तुम्ही सोनं द्यायला पंचवटीत गेले, मामी घरात गेल्या.

मला वाटलं, पाथर्डी फाट्यावर असलं इंजिन पहिल्यांदा उघडलं. पाची गॅरेजवाले येऊन बघून गेले. त्याला विडा नाही ठेवायचा, आणि त्या गंजक्या जॅकला ठेवायचा? मामींकडून पाच विड्यांचं सामान घेतलं. पान, सुपारी, रुपया. कॉम्प्रेसर, लेथ, जॅक, हत्यारांची पेटी. पाचवा इंजिनावर.

बोळे काळे होते, तेलकट. स्टेटसला फोटो टाकायचा होता, आणि फोटोत ते फडकं घाण दिसत होतं. म्हणून चार नंबरचा बोळा काढला आणि त्या तोंडावर पान पसरलं. झाकण बसलं असंच वाटलं मला. वर सुपारी, रुपया, कुंकू, अक्षता. फोटो काढला. लय भारी आला. सत्तेचाळीस जणांनी बघितला.

आणि बोळा परत घालायचा विसरलो. मग पोरांबरोबर सोनं लुटायला गेलो.

सकाळी येऊन बघतो तर पान वाळून आक्रसलेलं, एका बाजूला सरकलेलं. सुपारी खाली खाचेत. रुपया नाही. तुम्ही यायच्या आत पान उचललं, सुपारी उचलली, बोळा कोंबला. म्हणूनच बोळे मोजले तेव्हा सहाच भरले. रुपयाचं मला काही वाटलंच नाही. दसऱ्याचे विड्यावरचे पैसे निकिताचे असतात, तीच घेऊन गेली असेल. मग ती आली. चार मोजले आणि हात पुढं करून म्हणाली, "दादा, चारच आहेत. पाचवा कुठंय?"

मी काय म्हणालो माहिती आहे? तिला आठवत असेल. मी म्हणालो, "पाचवा इंजिनानं खाल्ला."

ती हसली. मीही हसलो. खिशातून दुसरा काढून दिला.

मामा, हे माझ्या तोंडानं मी बोललो. गंमत म्हणून बोललो आणि खरं बोललो, आणि मला कळलं नाही. गुरुवारी इंजिन तुम्ही चालू केलं, तो आवाज आला, तुम्ही बोल्ट मोजले, मला मारलं, आणि तेव्हाही माझ्या डोक्यात रुपया आला नाही. आला नाही असं मी आजपर्यंत समजत होतो. पण पाच दिवस रोज रात्री तेच आठवतोय आणि आता मला खात्रीनं सांगता येत नाही. मला वाटतं आला होता. एक क्षण आला होता आणि मी त्याला हाकललं. नाहीतर मी एवढ्या जोरानं शपथ का घेतली?

परवा फोन चाळला. फोटो आहे अजून. मोठा करून बघितला. पानावर रुपया दिसतो, आणि पानाच्या कडेखाली ते काळं तोंड उघडं दिसतं. सत्तेचाळीस जणांना मी दाखवलं होतं, आणि मला नव्हतं दिसलं.

आता दुसरी गोष्ट. ही तुम्हाला माहीत नाही, आणि ती रुपयापेक्षा वाईट आहे.

त्या गुरुवारी तुम्ही मारल्यावर मी एसटी पकडून लासलगावला गेलो. शेठ मार्केटात लिलावात होते, तिथंच गाठलं, ट्रॅक्टरांच्या गर्दीत. मी त्यांना सांगितलं, मामांनी तुमच्या गाडीला डुप्लिकेट कपलर लावलाय, ओरिजिनल सांगून, तो फुटला आणि त्याचे तुकडे इंजिनात गेले. तुम्ही दुसऱ्या दिवशी हेड उतरवणार होते, मामींना तसं म्हणताना मी ऐकलं होतं. शेठनं तो दिवस येऊच दिला नाही, सकाळी सातला टोचन घेऊन माणूस पाठवला. तुम्ही उतरवलं असतं तर शुक्रवारी दुपारीच रुपया सापडला असता. तुम्ही मला अजून दोन मारल्या असत्या आणि संध्याकाळी आपण वरणभात जेवलो असतो.

गावभर डुप्लिकेट रावजी झालं ते माझ्या तोंडून झालं. तुम्हाला वाटत असेल शेजारच्या गॅरेजवाल्यांनी केलं. त्यांनी नाही केलं.

तुमचा कपलर मी ह्या आठवड्यात उघडून बघितला. ओरिजिनल आहे. नवा आहे. डबीतलं ऑइलही मापात भरलंय. अण्णा बोटानं फिरवून म्हणाले, ज्यानं बसवला तो कारागीर आहे. मी त्यांना सांगितलं नाही की तो माझा मामा.



कुंदन


कोइमतूर
रविवार, ६ जुलै २०२५

मामा,

तुमचं काही आलं नाही. येईल असं धरून नव्हतो.

दोन कामं केली. पहिलं, अण्णांना सांगितलं. सगळं. वाटलं काढून टाकतील. ते म्हणाले, तुझ्या मामांनी बोळे मोजले, हे बरोबर. मोजण्याच्या आधी तोंडात बॅटरी मारून बघायला पाहिजे होतं, हे त्यांचं चुकलं. ते मी तुम्हाला कळवतोय कारण त्यांनी कळव म्हणून सांगितलं, मी तुमची चूक काढत नाही. आता ह्या गॅरेजात नियम झालाय, बोळा काढला की बॅटरी मारायची. माझ्यावरून झाला असं कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरं, धवलशेठना फोन केला. तीन दिवस हिंमत गोळा करत होतो. त्यांना आधी मी कोण तेच आठवेना. म्हणालो, रावजींचा भाचा, लासलगावला लिलावात आलो होतो. मग आठवलं. मी सगळं सांगितलं, पान, रुपया, फोटो, कपलर. कपलरचा आणि रुपयाचा फोटो त्यांना त्याच वेळी पाठवला.

मग ते म्हणाले, "तुला एक सांगू का रे? तू येऊन बोलायच्या तासभर आधी तुझ्या मामाचा फोन आला होता मला."

मी म्हणालो, काय म्हणाले?

"म्हणाला, शेठ, माझ्या हातून बोल्ट पडला. इंजिन मी माझ्या खर्चानं बांधून देतो, दोन महिने द्या. तुझं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं. आणि तासाभरात तू येऊन असं सांगतोस. मला वाटलं, डुप्लिकेट पार्ट झाकायला म्हातारा बोल्टाची गोष्ट रचतोय."

मामा, मी फोन खाली ठेवून सर्व्हिस पिटच्या कडेला जाऊन उभा राहिलो. माझा डावा कान बधिर झाला होता, ज्या बाजूला तुम्ही मारली होती त्याच. खरंच सांगतो, काही ऐकू येईना.

तुम्ही मला मामींच्या देखत फावड्याच्या हाताचा म्हणाले आणि बाहेर सांगितलं की माझ्या हातून पडला. आणि त्याच वेळी मी एसटीत होतो. तुम्ही खरं नसलेलं बोलले ते मला वाचवायला. मी खोटं बोललो ते तुम्हाला बुडवायला. त्या दिवशी एका तासात ही दोन्ही बोलणी त्या एका माणसाच्या कानात गेली, आणि माझ्या खोट्यानं तुमचं बोलणं चोराचं ठरलं.

शेठनं शेवटी काय म्हटलं ते लिहितो, जसंच्या तसं. ते म्हणाले, "मी मार्केटात चार माणसांत बोललो होतो, चार माणसांतच परत घेईन. पण मी घेतल्यानं गॅरेज उघडत नाही रे." मग म्हणाले, त्यांच्याकडं आता साधी गाडी आहे. तिची सर्व्हिसिंग करायची वेळ झाली तर रावजींच्या घरी आणून लावीन, हो म्हणाले तर. ते आले तर हाकलू नका एवढंच म्हणतो. किंवा हाकला. तुमचा हक्क आहे.

इंजिनाचं सांगतो, तुम्हाला त्याचंच ऐकायला आवडेल. चार नंबरचे आत घेणारे दोन्ही व्हॉल्व्ह गेले होते, नवे घातले, गाइडही बदलली. हेडला फेस मारून घेतला, केसभरसुद्धा वाकलेलं नाही. पिस्टन नवा, बाकी पाचांच्या वजनाशी जुळवून घेतला. कनेक्टिंग रॉड सरळ आहे, तीनदा मोजला. सिलिंडरच्या भिंतीला दोन ओरखडे होते, नखाला लागत नव्हते, नुसतं होनिंग करून, म्हणजे आतून घासून, गेले. ही मोठी नशिबाची गोष्ट. दहा सेकंदात तुम्ही चावी फिरवली म्हणून ब्लॉक वाचला. दुसरा असता तर "बघू काय वाजतंय" म्हणून मिनिटभर चालवलं असतं. अण्णा सगळ्या पोरांना हे दाखवत होते, की बघा, ज्याला आवाज कळतो त्याचा हात आधी चावीवर जातो.

बसवताना एकही फडकं मी दुसऱ्याला कोंबू दिलं नाही आणि दुसऱ्याला काढू दिलं नाही.

कुंदन


कोइमतूर
रविवार, २० जुलै २०२५

मामा,

बुधवारी अण्णांच्या फोनवर तुमचा फोन आला. अण्णा म्हणाले, नाशिक, तेरे घर से. मी ग्रीसच्या हातानं घेतला, फोन अजून काळा आहे त्यांचा.

मला वाटलं होतं, तुम्ही शिव्या द्याल. त्याची तयारी होती माझी, दोन वर्षांची. नाहीतर फोन मामींच्या हातात द्याल आणि त्या रडतील, त्याचीही होती. तुम्ही नुसतं विचारलं, "हेडचे बोल्ट नवे घातले का जुनेच?"

मी म्हणालो, नवे.

तुम्ही म्हणाले, "आणि ताणले कसे?"

मी सांगितलं, आधी मापानं, मग दोनदा नव्वद अंश, मधल्या बोल्टापासून बाहेर. तुम्ही म्हणाले, "बरं." आणि ठेवला.

त्यानंतर मी दिवसभर काही काम केलं नाही. केलं, पण काय केलं ते आठवत नाही.

काल इंजिन चालू केलं. आधी प्लग न लावता नुसतं फिरवून ऑइल वर चढवलं. मग प्लग, मग बेल्ट. चावी अण्णांनी माझ्या हातात दिली. मी बसलो आणि मला फिरवताच येईना. पोरं म्हणाली, काय झालं, नाशिक. शेवटी डोळे मिटून फिरवली. दहा सेकंद मोजले. तुम्हाला माहीत आहे मी का मोजले. अकरा, बारा. मग वीस. मग मोजायचं सोडून दिलं. भाता अगदी बारीक शीळ घालतो, तुमच्या कपलरचा आवाजसुद्धा नाही. गिरणीवाल्याचा माणूस दोन फेऱ्या मारून आला आणि गाडी घेऊन गेला. फाटकातून बाहेर पडताना मागच्या दाराचा पोचा दिसला. तो त्यांनी काढायला सांगितला नव्हता.

मी दिवाळीला येतो असं आईला सांगितलंय. घोटीला येईन. तिथून पुढं यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणाले तर मी आईकडं भात कापून परत येईन, रुसणार नाही. निकिताला सांगा, तिनं दोन निळ्या टिकांनंतर काल पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. "मूर्खा" एवढंच लिहिलंय. मी ते जपून ठेवलंय.

तुमचा,
कुंदन

ता. क. ह्या इंजिनाची मजुरी अण्णांनी पूर्ण मला दिली, स्वतःचा वाटा धरला नाही. मी नको म्हणालो, तर म्हणाले, ज्याचं काम होतं त्याला दे. काम तुम्ही घेतलं होतं, मामा. भाता तुम्ही उतरवला, कपलर तुम्ही बसवला, दोन महिन्यांत बांधून देतो हा शब्द तुम्ही दिला होता. मी फक्त उशिरा पुरं केलं. निकिताच्या खात्यावर टाकतोय, ही तुमची मजुरी आहे, भाच्याचे पैसे म्हणून परत पाठवू नका. रुपये सव्वीस हजार पाचशे.